वैरागला जाऊन येईल एवढं डिझेल

शिवशरण साहेबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात धरणाचं पाणी मोजण्यात गेली. पहाटे उठायचं, काठावरची पट्टी वाचायची, आकडा वर कळवायचा. आपण आकडा कळवल्याशिवाय सोलापूरच्या नळाला पाणी सुटत नव्हतं, असं ते निवृत्तीनंतरही सांगत. त्यामुळे त्यांच्याच ट्रकमधलं डिझेल मोहोळच्या अलीकडे भर रस्त्यात संपलं, तेव्हा गल्लीला झालेला आनंद साहजिक होता. धरण कळलं आणि टाकी कळली नाही, एवढं एकच वाक्य. पण ते किराणा दुकानात, न्हाव्याकडे आणि विहाराच्या पायरीवर वेगवेगळ्या लोकांनी स्वतःला सुचल्यासारखं ऐकवलं.

ट्रक रिकामा असता तरी चाललं असतं. मागे लग्नाची भांडी होती आणि आचारी तिकडे मोहोळात चुली पेटवून बसले होते. ड्रायव्हर ज्ञानबा कॅन घेऊन पंपाकडे चालत गेला, साहेब ट्रकच्या सावलीत उभे राहिले, आणि सावली सरकेल तसे सरकत राहिले. वऱ्हाड जेवलं ते ऊन कलल्यावर. नवरीच्या मामानं त्या दिवशी जे शब्द वापरले ते साहेबांनी घरी कुणाला सांगितले नाहीत. घरी सांगायला कुणी नव्हतंही.

ट्रक, भांडी आणि ज्ञानबा ही तिन्ही खरं म्हणजे साहेबांच्या बायकोची, नागूबाईंची. कागद साहेबांच्या नावावर, पण लग्नाला भांडी भाड्यानं द्यायचा धंदा बाईंचा. गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. मागे ट्रक राहिला, पत्र्याच्या शेडमधली भांडी राहिली, ज्ञानबा राहिला आणि साहेब राहिले. यातलं कुणीच एकमेकांशी नीट बोलत नव्हतं.

ट्रकच्या डिझेलचा काटा सहा-सात वर्षांपासून शून्यावर झोपलेला. पण बाई होत्या तोवर कुणाचं अडलं नाही. निघायच्या आधी बाई टाकीवर मूठ वाजवायच्या, घरातली गॅसची टाकी वाजवून बघतात तशी, कान लावायच्या आणि सांगायच्या, "वैरागला जाऊन येईल." नाहीतर, "करमाळ्याला जाईल, येणार नाही." त्यांचं माप लिटरात नव्हतंच, गावांत होतं. खात्यात जन्म काढलेल्या माणसाला हे कसं पटावं? साहेब म्हणत, नागू, असलं मोजमाप जगात कुठं चालत नाही. बाई म्हणत, "जगाला कुठं जायचंय? आपल्याला वैरागला जायचंय." आणि ट्रक वैरागला जाऊन यायचा.

बाई गेल्यावर साहेबांनीही एकदा टाकी वाजवून पाहिली, कुणी बघत नाही असं बघून. आवाज येत होता, पण त्यातून गाव काही निघेना.

मोहोळचा प्रकार झाल्यापासून त्यांनी टाकी काठोकाठ भरून ठेवायचा नियम केला. एक फेरी झाली की भर टाकी. मोहोळची नामुष्की अशीच हळूहळू जुनी झाली असती. पण समोरच्या चंद्रव्वाच्या नातीचं, सोनालीचं, लग्न ठरलं, आणि तेही वैरागला.

चंद्रव्वा अक्कलकोटकडची. कडक भाकऱ्या करून विकते. चिडली की कानडीत बोलते, फार चिडली की मराठीत, म्हणजे समोरच्याला कळावं म्हणून. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत नागूबाईंनी साहेबांना दोनच गोष्टी बजावल्या होत्या. झोपताना गॅसचं बटण बघत जा, ही एक. दुसरी ही, "सोनालीच्या लग्नाला आपली भांडी जाऊ देत. भाडं घ्यायचं नाही. आणि वेळेवर पोचव."

पहिली गोष्ट साहेबांना कळली. दुसरी कळली नाही. सख्ख्या भावाकडून झाऱ्याचं भाडं घेणारी ही बाई. आणि चंद्रव्वाशी तर एकेकाळी तिचं वर्षभर बोलणं बंद होतं, एका लाटण्यावरून. लाटणं साधंसुधं नव्हतं. करमाळ्याहून, माहेराहून आलेलं. बाभळीचं, बारीक, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. चंद्रव्वानं पुरणपोळीसाठी ते नेलं, नंतर ते सापडेना. चंद्रव्वा म्हणाली, मी परत दिलं. बाई म्हणाल्या, दिलं नाही. आणि त्या हे गल्लीच्या मधोमध उभं राहून म्हणाल्या. पुढे वर्षभरानं एका सकाळी बाईच आपण होऊन वाटीभर शेंगाचटणी घेऊन समोर गेल्या आणि बोलणं सुरू झालं. का बंद झालं ते गल्लीला माहीत होतं, का सुरू झालं ते कुणालाच नाही.

ते काहीही असो, शब्द बाईंचा होता. "वेळेवर पोचव" हे शेवटचं सांगणं. वैरागच्या वाटेवर पुन्हा मोहोळ झालं असतं तर साहेबांना स्वतःचं तोंड स्वतःलाच दाखवता आलं नसतं. काटा दुरुस्त करायचाच, असं त्यांनी ठरवलं.

नंदीश मिस्त्रीचं गॅरेज होटगी रोडला. त्यानं काट्याच्या काचेवर नखानं टिचकी मारली आणि काटा गेलाय म्हणून सांगितलं. नवा काटा बसवला. तोही शून्यावर जाऊन झोपला. मग मिस्त्री म्हणाला, वायर. वायर बदलली. काटा जागचा हलला नाही, मात्र डावीकडचा इंडिकेटर लावला की हॉर्न वाजू लागला. असा ट्रक शहरातून गॅरेजला न्यायचा म्हणजे प्रत्येक डाव्या वळणावर वरात. म्हणून मिस्त्रीच हत्यारं घेऊन गल्लीत आला.

आता उरला फ्लोट. मिस्त्रीनं समजावलं, टाकीत एक पोकळ फुगा तरंगतो, त्याला दांडी असते, डिझेल चढलं की फुगा चढतो, दांडी उचलते आणि वर काटा सरकतो. हे ऐकून साहेबांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळला. हे तर धरणासारखंच झालं. मग त्यांनी मिस्त्रीला धरणाची पट्टी, लाटेमुळे येणारी चूक, आणि एका वरिष्ठांनी चष्मा विसरल्यामुळे घडलेला प्रकार, असं सगळं सविस्तर सांगितलं. मिस्त्रीनं मन लावून ऐकलं. तेवढा वेळ काम बंद राहिलं.

मग टाकीवरची चकती खोलून जुना फ्लोट ओढला. येईना. मिस्त्रीनं जोर लावला तेव्हा तो दांडी वाकवून बाहेर आला. नवा आत सोडला, तो पुरता खाली जाईना.

"काका, टाकीत काहीतरी आहे," मिस्त्री म्हणाला.

इथं शेजारचे सिद्धनाथराव पुढे झाले. हे वीज कंपनीतून निवृत्त. त्यांचा कुठल्याही विषयात सल्ला असतो आणि तो ते आधी दोन पावलं मागे सरून देतात. ते म्हणाले की आत गंजाचा पोपडा असणार. ज्ञानबा म्हणाला उंदीर असंल. डिझेलमध्ये उंदीर कशाला जाईल, यावर दोघांची चांगली जुंपली. शेवटी मिस्त्री म्हणाला की टाकी खाली उतरवू, म्हणजे उंदीर की पोपडा ते दिसेल. त्यासाठी आधी डिझेल काढायला लागेल.

डिझेल काढायचं म्हणजे किती? तर साहेबांच्या नियमाप्रमाणे काठोकाठ.

लग्न परवावर आलं होतं. नागूबाईंच्या शेडमधून भांडी काढून, घासूनपुसून, दारासमोर उन्हात पालथी घातली होती. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढचं त्यामुळेच घडलं. मिस्त्रीनं दोन कॅन आणले होते. त्यानं टाकीच्या बुडाचा नट काढला. पहिला कॅन भरला, दुसरा भरला. मग तो नट परत बसवायला गेला तर नटाचे आटे गेलेले. तो बसेना, आणि डिझेल थांबेना.

ज्ञानबानं मागेपुढे पाहिलं नाही. बाईंच्या हाताखाली तयार झालेला माणूस, सांडू देणं त्याच्या रक्तात नव्हतं. हाताशी होता तो मोठा हंडा त्यानं सुलटा करून खाली सरकवला. हंडा भरला तशी कढई. कढई भरली तसा दुसरा हंडा. साहेब ओरडेपर्यंत आमटीची, भाताची आणि बुंदीची अशी सगळी भांडी कामाला लागली होती.

"सायेब, धुतली की निगतंय," ज्ञानबा म्हणाला.

गल्लीत हंडे भरून डिझेल आहे ही बातमी कशी पसरते ते सांगता येत नाही, पण थोड्याच वेळात लोक कॅन घेऊन यायला लागले. भाव काय आहे, विचारू लागले. एकानं तर रांग लावायची सूचना केली आणि स्वतः पहिला उभा राहिला. साहेब त्यांना परोपरीनं सांगत होते की हे विकायला नाही, काटा दुरुस्त करतोय. काटा दुरुस्त करायला हंडे कशाला लागतात, हे त्यांना कुणाला पटवून देता येईना.

मग चौकीतून एक हवालदार आले. कुणी कळवलं ते निघालं नाही, सिद्धनाथराव मात्र तेवढ्यापुरते घरात गेले होते. हवालदार सभ्य होते. त्यांनी विचारलं, वस्तीत उघड्यावर इंधन साठवायची परवानगी कुणाची? आणि एकूण किती आहे?

"किती आहे" हा प्रश्न साहेबांना कुणी विचारून बरीच वर्षं झाली होती. त्यांनी घरातून पट्टी आणली, प्रत्येक हंड्याची खोली मोजली, कढईचं बूड गोल असल्यामुळे तिचा हिशेब वेगळा केला, आणि आकडा सांगितला. वर "तात्पुरत्या स्वरूपात हंड्यांत ठेवलेल्या डिझेलबाबत" असा विषय घालून स्वच्छ अक्षरात अर्जही लिहून दिला. हवालदारांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, साहेब, असला कागद ठेवायला आमच्याकडे फाईल नाही, तुम्ही संध्याकाळच्या आत हे जिथलं तिथं भरा. जाताना तेही मिस्त्रीला विचारून गेले की माझ्या गाडीचा काटा अर्ध्यावरून हलत नाही, काय असेल?

या सगळ्यात टाकी खाली आली. मिस्त्रीनं आणि ज्ञानबानं ती दोन्हीकडून धरून हलवली. आतून खडखड आवाज आला. सिद्धनाथराव दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, पोपडा. मिस्त्रीनं टाकीच्या तोंडातून तार घातली, टाकी तिरकी केली, आणि बराच वेळ आत चाचपून एक वस्तू बाहेर ओढली.

बाभळीचं, बारीक लाटणं होतं. दोन्ही टोकांना पितळी टोप्या. डिझेल पिऊन काळं झालेलं.

"फ्लोटच्या दांडीवर आडवं पडलं होतं," मिस्त्री म्हणाला. "मग काटा कसा उचलेल?"

सिद्धनाथराव गल्लीत चार वर्षांपूर्वी आलेले. त्यांना लाटण्याचा इतिहास ठाऊक नव्हता. ते टाकीत लाटणं या विषयावर सल्ला शोधत घरी गेले. ज्ञानबाला मात्र ठाऊक होता. तो खाली मान घालून म्हणाला, "सायेब, लाटणं हरवलं त्येच वरीस काटा बंद पडला. तुमीच म्हनला हुता बाईंला, टाकीत लाकूड घालून मोजत जाऊ नगा म्हनून."

म्हणाले होते. साहेबांना लख्ख आठवलं. बाई काठी बुडवून डिझेल बघायच्या, त्यावर ते चांगलं तासभर बोलले होते. आत कचरा जातो, हे मोजमाप शास्त्रीय नाही, वगैरे. त्यानंतर कधीतरी घाईत काठी सापडली नसेल, हाताला लाटणं लागलं असेल. निसटलं असेल. आता नवऱ्याला सांगावं तर आणखी तासभर ऐकावं लागणार. त्यापेक्षा चंद्रव्वानं नेलं ते परत दिलं नाही म्हणणं सोपं. एकदा गल्लीत म्हटलं की मग ते परत कसं घ्यायचं? तेव्हापासून बाई टाकी वाजवायला लागल्या. आणि वर्षभरानं शेंगाचटणी. आणि सगळ्याच्या शेवटी, भाडं घ्यायचं नाही.

साहेब पायरीवर बसून राहिले. त्यांना राग येईल असं ज्ञानबाला वाटलं होतं. पण ते कितीतरी वेळ ओठ दाबून, खांदे हलवत, आवाज न करता हसत होते. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि तोही बराच वेळ पुसला.

मग त्यांना चंद्रव्वाची आठवण झाली आणि हसू थांबलं. हे तिला कळलं तर? गेलेल्या बाईच्या नावानं चोराच्या उलट्या बोंबा म्हणतील. तिला स्वतःची बाजू मांडता येणार नाही. बाईचा शब्द पाळायला निघालो आणि बाईचं नावच घालवून बसलो, असं व्हायचं. साहेबांनी लाटणं वर्तमानपत्रात गुंडाळलं, ट्रकच्या सीटखाली घातलं आणि ज्ञानबाकडून शपथ घेतली की हे टाकीत सापडलं असं कुणाला सांगायचं नाही. ज्ञानबानं गळ्याला हात लावून शपथ घेतली.

संध्याकाळी चंद्रव्वा बाजारातून आली. तोवर नवा नट बसवून डिझेल टाकीत परत गेलं होतं आणि काटा, बघा, पुरता वर चढून उभा होता. पण चंद्रव्वाला काट्याशी काय करायचं? ती दारातल्या हंड्यात वाकली आणि सरळ झाली.

"काय री साहेब," ती म्हणाली, आणि मराठीतच म्हणाली, कानडीतला आदराचा 'री' तेवढा ठेवून. "आमच्या सोनालीच्या लग्नात डिझेलची आमटी वाढायची काय?"

नंतर काय काय झालं ते थोडक्यात सांगायचं तर सगळी गल्ली भांडी घासायला बसली. कॅन घेऊन आलेलेही बसले. राख झाली, चिंच झाली, सोडा झाला. सिद्धनाथराव दुरून सांगत होते की कांदा परतून बघा. शेवटी चंद्रव्वानं शेंगदाण्याची पेंड मागवली, सगळ्या भांड्यांना आतून चोपडून रात्रभर ठेवली आणि सकाळी गरम पाण्यानं घासून काढली. वास गेला का हे कुणालाच कळेना, कारण सगळ्यांच्याच नाकात डिझेल बसलं होतं. मग वरच्या आळीतून एक अनोळखी म्हातारी बोलावून आणली. तिनं प्रत्येक हंडा हुंगला आणि म्हणाली, पेंडीचा वास येतोय. गल्लीनं सुटकेचा निःश्वास टाकला.

लग्नाच्या दिवशी ट्रक उजाडायच्या आत वैरागला पोचला. वाटेत साहेबांचा डोळा काट्यावरून हलला नाही. ज्ञानबानं डावीकडचा इंडिकेटर एकदाही लावला नाही, हात बाहेर काढून काम भागवलं. आचारी अजून चहाच पीत होते. भांडी वेळेच्या आधी पोचली, हे साहेबांनी स्वतःच्या घड्याळात पाहिलं आणि शेजारच्या माणसाचं घड्याळही बघून घेतलं. ज्याला सांगायचं होतं ते माणूस नव्हतं, म्हणून ते ट्रकच्या सावलीत जाऊन उभे राहिले.

तेवढ्यात चंद्रव्वा लगबगीनं आली. पुऱ्या लाटायला बायका बसल्या होत्या आणि लाटणी कमी पडत होती. भांड्यांत आणखी एखादं आलंय का, तिनं विचारलं.

साहेब नाही म्हणणार इतक्यात ज्ञानबा म्हणाला, "हाय की. सीटखाली हाय एक." आणि वर्तमानपत्र सोडून त्यानं ते तिच्या हातात दिलं. नंतर साहेबांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, टाकीत सापडलं असं म्या कुटं सांगितलं?

सांगायची गरजच नव्हती. चंद्रव्वानं लाटण्याची पितळी टोपी अंगठ्यानं पुसली. मग लाटणं नाकाजवळ नेलं. मग ट्रकच्या टाकीकडे बघितलं.

"टाकीत?" तिनं विचारलं.

साहेबांनी मान हलवली. म्हणाले, "चंद्रव्वा, तिनं तुला सांगायला हवं होतं. आता तिच्या वतीनं मीच—"

"तुम्ही गप बसा री," चंद्रव्वा म्हणाली.

ती तिथंच पालथ्या परातीवर बसली. आधी तिचं पोट हललं, मग खांदे, मग तिनं पदर तोंडात कोंबला. लग्नघरातल्या दोन बाया काय झालं म्हणून बघायला आल्या, त्यांना तिनं हातानंच परत पाठवलं. हसून झालं तरी पदर तोंडावरच राहिला. साहेब दुसरीकडे बघत उभे राहिले.

"म्हणून ती चटणी," चंद्रव्वा पदराआडून म्हणाली. "मी म्हटलं, ही बया एवढी गोड का झाली."

मग ती उठली. पुऱ्या लाटणाऱ्या बायका हाका मारत होत्या. तिनं लाटणं त्यांच्याकडे नेलं नाही. नव्या कोऱ्या इरकल लुगड्याच्या कमरेला खोचलं आणि वरून पदर घेतला.

"भर गल्लीत म्हणाली, चंद्रव्वानं घेतलं," ती टाकीकडे बघून म्हणाली. "घेतलं बघ आज, नागव्वा. आता सांग सगळ्यांना." आणि डिझेलचा वास मागे सोडत ती मांडवात गेली.

जेवणं वेळेवर झाली. आमटीला पेंडीची किंचित चव होती, ती वैरागच्या लोकांनी सोलापुरी मसाला म्हणून वाखाणली. ऊन उतरल्यावर भांडी भरून ट्रक निघाला तेव्हा काटा अर्ध्याच्या वर उभा होता. अगदी स्थिर, शास्त्रीय.

"काटा चांगला हाय की सायेब," ज्ञानबा म्हणाला. "निगायचं?"

"थांब जरा," साहेब म्हणाले.

ते खाली उतरले. टाकीजवळ वाकले, मूठ वाजवली आणि कान लावला. पुन्हा एकदा वाजवली. मग वर येऊन बसले आणि दार ओढून घेतलं.

"घरापर्यंत जाईल," ते म्हणाले. "चल."